गावामागचा डोंगर जळला, आता काय लावू? (की काहीच लावू नको?)

डोंगरकडेचा | ४ मार्च, रात्री ११.२०

मंडळी, सल्ला हवाय. आमचं गाव मावळात, मागच्या पडवीत उभं राहिलं की समोर डोंगरच. परवा सहाच्या सुमाराला खालच्या शिवेकडून धूर दिसला आणि साडेसातपर्यंत अख्खा उतार लाल. वीस-बावीस जण वर गेलो, हातात ओल्या फांद्या, त्यांनीच झोडपायचं, दुसरं असतं काय आपल्याकडे. वनखात्याची दोन माणसं पाठीला ब्लोअर लावून आली, पाचोळा उडवून पट्टा मोकळा केला त्यांनी, म्हणून वरची देवराई वाचली. रात्री दीडला आग आम्ही विझवली की गवत संपलं म्हणून थांबली, ते त्या देवालाच ठाऊक.

काल सकाळी वर गेलो तर पायाखाली सगळं काळंठिक्कर आणि त्यात पांढरे ठिपके, बघतो तर गोगलगायींचे रिकामे शंख. शेकड्याने पडलेत. एरवी गवतात एक दिसत नाही. एका दगडाच्या आडोशाला रातव्याची दोन अंडी, भाजलेली. तिथून पुढे जायचं मन नाही झालं.

आता मुद्दा. पुण्यातला एक ग्रुप सारखा फोन करतोय, जूनच्या पहिल्या रविवारी येतो, जेसीबीने खड्डे मारू, पाचशे झाडं लावू म्हणतायत. गावातली तरणी पोरं तयार आहेत, म्हातारी माणसं म्हणतात काही लावू नका, पाऊस पडला की येतंय सगळं. आणि यूट्यूबवर एक जण सांगत होता की जंगलाला आग लागतेच. म्हणजे पेटते या अर्थी नाही, भूक लागते तशी लागते या अर्थी. खरं काय?

---

पळसपान | ५ मार्च, सकाळी ८.०५

वाईट वाटलं वाचून. पण जेसीबीला आधी नको म्हणा, बाकीचं नंतर बोलू.

उतारावर कुंभा असेल बघा, मावळात असतोच. खोड काळं पडलेलं असेल. चाकूने साल थोडीशी खरवडा, वरचा थर कोळसा आणि आत ओलसर. सालच इतकी जाड असते की गवताची आग मिनिट-दोन मिनिटांत पुढे सरकते तोवर आतल्या जिवंत थराला चटका बसत नाही. ऐनाचं तसंच, ती मगरीच्या पाठीसारखी साल उगाच नाहीये. पळस वरून जळाला तरी मुळापासून फुटतो. टेंभुर्णी तर मुळांतून इतके फुटवे काढते की जाळून संपवू म्हटलं तरी संपत नाही.

गवताचं तर विचारूच नका. वाढणारा कोंब जमिनीलगत, काही वेळा जमिनीच्या आत, वर जळतो तो नुसता वाळलेला पेंढा. आणि कुसळीचं बी बघितलंयत ना, सॉक्समध्ये घुसतं ते? त्याची लांब शेपटी दमट हवेत उलगडते, कोरड्या हवेत पिळते, असं करत करत बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. आग येईतो बी जमिनीखाली. मातीत दोन-तीन इंच खाली गवताच्या आगीची धग फारशी पोचतच नाही, म्हणून कंदवाल्या वनस्पतीही वाचतात, आमऱ्या (म्हणजे ऑर्किड), मुसळी, रानहळद, सगळ्या उन्हाळाभर खाली झोपलेल्या असतात.

तर तुमच्या म्हाताऱ्यांचं निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यावर संध्याकाळी लिहिते, आत्ता कॉलेजला पळतेय.

---

सह्याद्रीखुळा | ५ मार्च, सकाळी ९.४०

झालं, आता सगळे म्हणणार वणवा चांगला असतो. ताई, आपल्याकडे वीज पडून किती वणवे लागतात हो? विजा येतात त्या वळवाच्या पावसाबरोबर, आणि फेब्रुवारी-मार्चमधला प्रत्येक जाळ माणसाने लावलेला असतो, बिडी, बांध जाळायला लावलेली काडी, शिकार, नाहीतर नुसती मस्ती. गेली बारा वर्षं ट्रेक करतोय, एकेक डोंगर दरवर्षी जळताना बघतोय. ती भाजलेली अंडी इकॉलॉजिकल रोल करत होती का?

---

सॅक्रामेंटोकर | ५ मार्च, सकाळी ११.१५

खुळासाहेब राग समजू शकतो, पण इकडची गोष्ट ऐका, मी कॅलिफोर्नियात १९ वर्षं आहे आणि चार वेळा बॅगा भरून घर सोडायच्या तयारीत बसलोय, त्यामुळे आगीबद्दल मला काडीचंही प्रेम नाही.

इथे सिकोया नावाचं झाड आहे, जगातलं सगळ्यात अवजड. साल दोन-दोन फूट जाड. त्याचे शंकू वर्षानुवर्षं बंदच राहतात, आगीची गरम हवा वर गेली की उघडतात आणि बी खाली मोकळ्या राखेच्या मातीवर पडतं. पाचोळ्याच्या थरावर पडलं तर रुजत नाही. म्हणजे याला आग खरंच भूक लागते तशी लागते. पण सरकारने काय केलं, १९३५ साली नियमच काढला की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझलीच पाहिजे. त्याच्याही आधी, १८५० च्या कायद्यात इथल्या मूळ रहिवाशांना गवताळ माळ जाळायला बंदी घातली होती. ते लोक पिढ्यानपिढ्या थोडं थोडं जाळत होते, टोपल्यांसाठी हेझल नावाच्या झुडपाच्या सरळ फांद्या हव्यात म्हणून, हरणांना कोवळं गवत मिळावं म्हणून. ते बंद. शंभर वर्षं लाकूडफाटा साठत गेला, खाली दाट झाडी माजली, वरून दुष्काळ, आणि मग २०२० आणि २१ च्या आगी अशा भडकल्या की ज्या झाडाला आग लागते म्हणतो तेच मेलं, मोठ्या सिकोयांपैकी १३ ते १९ टक्के दोन वर्षांत गेले. हजार-दोन हजार वर्षांची झाडं होती हो ती.

त्यामुळे मला आता कोणी "आग चांगली की वाईट" विचारलं की मी विचारतो कुठली आग, किती वर्षांनी आलेली, कुठल्या महिन्यातली.

---

टवाळ_टेकडी | ५ मार्च, दुपारी १२.०२

जेसीबी आणणार, खड्डे मारणार, फोटो काढणार, आणि पुढच्या जूनला त्याच खड्ड्यात तेच झाड परत. आमच्या टेकडीवरचे खड्डे आता मला नावानिशी ओळखतात.

---

मोहाखालचा | ५ मार्च, दुपारी २.३०

आमचं चंद्रपूरकडचं सांगतो. इकडे मार्चमध्ये मोह गळाले लागला की पहाटे चारला बाया-पोरं टोपले घेऊन निघतेत. खाली पाचोळा असला तर फूल दिसत नाही, मंग लावली काडी झाडाखाली. विझवून घरी येणारे पण आहेत, पण दहातला एक जण विसरला की झालं, दुपारचं वारं सुटलं की तेच जाळ डोंगरावर. दुसरी भानगड तेंदूपत्त्याची. जाळलं की टेंभुर्णीला मस्त कोवळा पाला फुटते, बिडीला तोच लागते. म्हणून एप्रिलच्या आधी कोणीतरी काडी लावतेच, नाव कोणाचंच येत नाही.

पण बदलते पण. आमच्या जिल्ह्यात पाचगाव आहे, वनहक्क कायद्याने त्यांना जंगलाचा सामूहिक हक्क भेटला, अन ग्रामसभेने ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचाच नाही. कारण काय तर त्याच्यासाठी झाडं छाटा लागतेत अन जाळा लागते. बांबूवर पैसे कमवू म्हणाले. हातचा रोकडा पैसा सोडला बाप्पा त्यांनी! टेंभरं आता पिकून खायला भेटतेत. पोलीस केस करून जे होत नाही ते असं होते. गावाचं जंगल आहे म्हटलं की गाव विझवाले धावते, सरकारचं आहे म्हटलं की बसून पाहते.

---

पळसपान | ५ मार्च, संध्याकाळी ७.५०

मोहाखालचे, तुमची शेवटची ओळ मी माझ्या वर्गात वाचून दाखवणार, परवानगी गृहीत धरतेय.

आता खुळासाहेब. तुमचं म्हणणं खरंय, आपल्याकडचे जवळपास सगळे वणवे माणूसच लावतो. पण माणूस आणि आग इथे आज एकत्र आलेले नाहीत. आणि सगळा डोंगर म्हणजे एकच वस्ती नसते. देवराईत, ओढ्याच्या घळीत, सदाहरित पट्ट्यात आग म्हणजे सत्यानाश, तिथल्या झाडांची साल पातळ, जांभूळ-अंजनीच्या रोपांना एक जाळ पुरतो. तिथे एकदा आग शिरली की कडेची झाडं मरतात, ऊन आत येतं, गवत आणि रानमोडीचं तण आत घुसतं, आणि पुढच्या वर्षी जळायला आणखी माल तयार.

उघडा गवताळ उतार ही वेगळीच गोष्ट. आपण त्याला "ओसाड", "पडीक" म्हणतो, सरकारी कागदावर तर वेस्टलँड. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा अभ्यास आला, त्यांनी जुनं मराठी साहित्य, ओव्या, चरित्रं चाळून त्यात कुठली झाडं येतात ते बघितलं. खैर, हिवर, पळस, बाभूळ असली माळावरची, काटेरी झाडं त्यात भरपूर. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातले बरेच माळ हे जंगल तोडून झालेले नाहीत, सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वीही ते माळच होते. अशा माळावर पाचशे झाडांचे खड्डे मारणं म्हणजे दुरुस्ती नाही, दुसरी मोडतोड. तणमोर, माळढोक, धाविक, चंडोल यांना झाडं नको असतात, मोकळं गवत हवं असतं.

आणि आग साफ बंद केली की काय होतं त्याचंही उदाहरण आपल्याच देशात आहे. कर्नाटकात बिळीगिरी रंगन टेकड्यांत सोलिगा आदिवासी राहतात. ते वर्षाच्या सुरुवातीलाच, पाचोळा पुरता वाळायच्या आत, हलकी आग लावायचे, त्यांच्या भाषेत तरगु बेंकी, म्हणजे पाचोळ्याची आग. १९७४ ला अभयारण्य झालं, आग बंद. नंतर घाणेरी (लँटाना, बाहेरून आलेलं झुडूप) एवढी माजली की आत शिरता येईना, आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगुळं वाढली. सोलिगांचं म्हणणं, बारकी आग दोन्ही काबूत ठेवायची. आता तिथे आग लागली की घाणेरी माणसाच्या उंचीपर्यंत पेटते, तिच्या ज्वाला झाडांच्या शेंड्याला भिडतात, आणि जळून गेल्यावर पहिली परत येते तीही घाणेरीच.

म्हणजे सॅक्रामेंटोकर म्हणतात तेच. मला विचाराल तर आपल्या सह्याद्रीचं दुखणं कॅलिफोर्नियाच्या बरोब्बर उलटं आहे. त्यांच्याकडे आग शंभर वर्षं आली नाही म्हणून बिघडलं, आपल्याकडे त्याच उताराला दरवर्षी येते म्हणून बिघडतंय. कुंभ्याचं मोठं झाड वाचतं, एक वर्षाचं रोप वाचत नाही, मुळातून फुटतं, पुढच्या वर्षी परत जळतं, परत फुटतं. वीस वर्षांचं मूळ आणि गुडघ्याएवढं झाड, असे बोन्साय आपल्या डोंगरावर हजारो आहेत.

---

सह्याद्रीखुळा | ५ मार्च, रात्री ८.३०

दरवर्षी येते म्हणून बिघडतंय हे मान्य. बाकी सोलिगा वगैरे आपल्याकडे लावू नका, नाहीतर उद्या कोणी काडी लावून वर तरगु बेंकी म्हणेल.

---

पळसपान | ५ मार्च, रात्री ८.४१

हाहा, ही भीती खरी आहे. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा कृपया कोणी घरी प्रयोग करू नये. गंमत म्हणजे इंग्रजांच्यातच यावर भांडण झालं होतं. १८६० च्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात आगबंदी सुरू केली, आणि १८९० च्या दशकात ब्रह्मदेशातले त्यांचेच अधिकारी लिहायला लागले की आगबंदीमुळे सागाची नवी रोपंच येईनाशी झालीत. पुढे तिथे काही जंगलांत ती बंदी मागे घेतली.

---

बांधावरचा_गडी | ६ मार्च, पहाटे ५.४५

शिकल्याली माणसं लई लिवत्यात, माझं पण ऐका. आमच्यात म्हणत्यात जाळलं की पुढच्या साली गवात जोमानं येतं. मी स्वतः पंधरा वर्षं बांध जाळलाय. हिरवं लवकर येतं ह्ये खरंय, पर पेंढ्या मोजल्या तर दोन वर्षं न जाळलेल्या तुकड्यात जास्त निघाल्या. आणि जाळलेल्यात चांगलं पवण्या-मारवेल कमी, कुसळीच जास्त, ती जनावरं कुसळं यायच्या आधी खात्यात, मग तोंड लावत न्हाईत. आता मी डिसेंबरात कापून पेंढ्या इकतो. गवात ऱ्हायलंच न्हाई तर जाळायचं काय?

कोकणातला भाताचा राब येगळा हां. तिथं वाफ्यावर शेण, पाला, गवात अंथरून मेमधी राखणीला उभं राहून भाजत्यात, त्यो वणवा न्हवं.

---

डोंगरकडेचा | ६ मार्च, सकाळी ७.१०

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. पळसपान ताई, काल कुंभ्याची साल खरवडली. वर कोळसा, खाली लालसर तंतू, आणि आत अगदी ओलं. फोटो टाकलाय. ग्रुपला अजून नाही म्हणवत नाहीये, चांगली माणसं आहेत हो, मनापासून करतायत. मग त्यांना काय काम देऊ? आणि पावसात माती वाहून जाईल त्याचं काय?

---

सॅक्रामेंटोकर | ६ मार्च, सकाळी १०.५०

मातीची काळजी बरोबर आहे, खरा घात पहिल्या पावसात होतो. डिसेंबर २०१७ मध्ये इकडे थॉमस फायर लागली, आणि ९ जानेवारी २०१८ ला पहाटे त्या जळक्या उतारांवर जोराचा पाऊस झाला. मॉन्टेसिटो गावात चिखल आणि गाडीएवढे दगड घरांत घुसले, २३ माणसं गेली. इकडची झुडपं जळली की त्यांतलं मेणचट काहीतरी मातीत उतरतं आणि पाणी जिरतच नाही, कढईवरून ओघळावं तसं ओघळतं. तुमच्याकडे गवताची आग, धग कमी, त्यामुळे एवढं होणार नाही, पण राख जाईल. नत्र तर धुरातच गेलेलं असतं, पालाश-स्फुरद त्या राखेत असतं, ते ओढ्यात गेलं की डोंगराचा तोटा.

आणि घाईने बी फेकू नका. इथे वर्षानुवर्षं आगीनंतर विमानातून रायग्रास फेकायचे, माती धरून ठेवायला. नंतर कळलं की त्याने धूप फारशी थांबत नाही, उलट मूळच्या रोपांची जागा ते गवत खातं. पेंढ्याचं आच्छादन बरं पडतं.

यलोस्टोन नॅशनल पार्कचं पण सांगतो. १९८८ ला पार्कचा ३६ टक्के भाग आगीत आला, आठ लाख एकरांच्या जवळपास, २५ हजार लोक विझवायला, शेवटी ११ सप्टेंबरला बर्फ पडला तेव्हा जोर ओसरला. टीव्हीवर सगळे म्हणत होते पार्क संपलं. झाडं लावत बसले नाहीत. तिथल्या लॉजपोल पाइनचे राळेने चिकटलेले शंकू आगीत उघडले आणि काही ठिकाणी हेक्टरी लाखाच्या वर रोपं उगवली. पण त्यातलंच काही जंगल २०१६ ला, पुरतं मोठं व्हायच्या आत, परत जळलं, आणि तिथे रोपं अगदी तुरळक आली. शंकूच धरले नव्हते पुरेसे. परत तोच हिशेब, किती वर्षांनी.

---

रिटायर्ड_गार्ड | ६ मार्च, रात्री ९.००

एकतीस वर्षं वनरक्षक म्हणून नोकरी केली, त्यातल्या निम्म्या रात्री मार्चमध्ये डोंगरावर. धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत कामाचं लिहितो.

ग्रुपला जूनमध्ये नको, दोनदा बोलवा. एकदा मे अखेरीस. तेव्हा घळींत, जिथे पाणी जोरात येतं तिथे, सुटे दगड रचून गुडघाभर आडवे बांध घालायचे, आणि जळक्या फांद्या उतारावर आडव्या टाकायच्या, उभ्या नाही. मोठा दगड उचकटायचा नाही, त्याच्याखालीच माती अडकलेली असते. दुसऱ्यांदा डिसेंबरात, जाळरेषा काढायला. गवत पिवळं पडायला लागलं की शिवेच्या बाजूने आणि देवराईच्या कडेने पट्टा कापून साफ करायचा. फेब्रुवारीत कापून उपयोग नाही, तोवर कोणीतरी काडी लावलेली असते. पट्टा जाळून काढायचा तर ते खात्याचं काम, तुमचं नाही, वारा फिरला तर तुम्हीच वणवा लावला असं होईल.

मधल्या काळात दोन पावसाळे गुरं-शेळ्या वर सोडू नका. हे सगळ्यात अवघड. कोवळा फुटवा शेळीला पेढ्यासारखा. याच्यावर गावात भांडणं होतील, आधीच बसून ठरवा, चरायला दुसरी कुठली बाजू द्यायची ते.

आणि कोणी गिरीपुष्पाची (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणलेलं झाड) रोपं फुकट देतो म्हणाला तर हात जोडा. आम्हीच लावली एकेकाळी, वरून हुकूम असायचा, खड्ड्यांचा आकडा भरायचा. लावायचंच असेल तर देवराईच्या जळलेल्या कडेला, त्याच देवराईतलं बी गोळा करून, पन्नास लावा आणि पन्नास जगवा.

---

टवाळ_टेकडी | ६ मार्च, रात्री ९.२०

गार्डसाहेब, "वरून हुकूम असायचा, खड्ड्यांचा आकडा भरायचा" हे टी-शर्टवर छापून घेऊ का?

---

डोंगरकडेचा | १९ जुलै, रात्री १०.१५

धागा वर काढतोय, उशिराबद्दल माफी.

जेसीबी आला नाही. ग्रुपला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता, मग त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, म्हणजे फक्त दगड उचलायचे? चाळीस येणार होते, अकरा आले. पण त्या अकरांनी दोन दिवसांत तीन घळींत चौदा बांध घातले, शेवटचे दोन तर अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात त्यातले दोन वाहून गेले, बाकीच्यांच्या मागे काळी माती साठलीये, चांगली वीतभर.

चराईचं गार्डसाहेब म्हणाले तसंच झालं. दोन बैठका, दुसऱ्या बैठकीत एक चुलते उठून गेले, अजून बोलत नाहीत. पूर्वेची बाजू गुरांना दिली, जळलेली बाजू दोन वर्षं बंद. शेळीवाल्या मावशी अधूनमधून चुकून इकडे येतातच, आता दर वेळी कोण भांडणार.

डोंगर हिरवागार आहे. कुंभ्याला मुळातून नाही, वरच्या फांद्यांनाच पालवी आली, मार्च संपता संपताच. रानहळद इतकी कधी बघितली नव्हती, की आधी गवतात दिसत नव्हती कोण जाणे. देवराईच्या कडेला मात्र उदास वाटतं, तिथली सहा-सात मोठी झाडं उभी वाळलीत आणि त्यांच्या खाली रानमोडी उगवलीये, हातभर. उपटायला सुरुवात केलीये, दर रविवारी मी आणि धाकटा.

खाली फोटो टाकलाय. घळीतल्या तिसऱ्या बांधाच्या मागे आलंय, पांढरं फूल, एकच पान, जमिनीला चिकटलेलं. काय आहे हे?

---

पळसपान | २० जुलै, सकाळी ६.३०

आषाढ आमरी! बांधाच्या मागे नाही आली हो ती, आधीपासून तिथेच होती, कंद खाली. फक्त रविवारी रानमोडी उपटताना धाकट्याला सांगा, पाय जपून टाक.

---

बांधावरचा_गडी | २० जुलै, सकाळी ६.५२

डिसेंबरात गवात कापायला यीन म्हणतो मी. विळा माझा, पेंढ्या बी माझ्या. चाललं का?

---

डोंगरकडेचा | २० जुलै, सकाळी ७.३०

चाललं की. निम्म्या पेंढ्या चुलत्यांना देऊ, बोलायला लागतील.